ज्येष्ठांचं धोरण: मंत्रालयापासून कंडक्टरच्या मशिनपर्यंत

सुरगाण्याहून नाशिकला येणाऱ्या एसटीत पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजी चढतात. कंडक्टर आधार कार्ड बघतो, मशिनवर बटण दाबतो आणि शून्य रुपयांचं तिकीट हातात ठेवतो. अर्ध्या मिनिटात काम संपतं. याच आजींना महिन्याचं निवृत्तिवेतन हवं असेल तर तलाठी, सेतू, तहसील, बँक अशा फेऱ्या होतात आणि त्यात कित्येक महिने जातात. आणि सांभाळणारं कुणीच उरलं नाही म्हणून सरकारी वृद्धाश्रमात जागा मागायची झाली, तर अर्ज नेमका कुणाकडे द्यायचा हेच गावात कुणाला सांगता येत नाही.

माणूस तोच, राज्य तेच, आणि तिन्ही गोष्टी सरकारनं लेखी कबूल केलेल्या. तरी पहिली रोज घडते, दुसरी रखडते आणि तिसरी कागदावर राहते. फरक नुसता कर्मचाऱ्यांच्या दानतीचा नाही. तो योजनेच्या घडणीत आहे, आणि ती घडण एकदा समजली की कुठल्याही नव्या घोषणेकडे बघून ती चालेल की नाही याचा बराचसा अंदाज बांधता येतो.

धोरण, कायदा, जीआर आणि हेड

धोरण हे इच्छापत्र असतं. ‘सरकार अमुक करण्याचा प्रयत्न करील’ एवढंच त्यात म्हटलेलं असतं, आणि त्यावर बोट ठेवून कोर्टात जाता येत नाही. संयुक्त राष्ट्रांनी १९८२ साली व्हिएन्नाला आणि २००२ साली माद्रिदला वृद्धत्वाविषयी कृती आराखडे केले, देशोदेशींच्या सरकारांनी त्यांना मान्यता दिली. भारताचं राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक धोरण आलं १९९९ मध्ये. त्यात पैसा, आरोग्य, निवारा, संरक्षण सगळं आहे. नाही ते एवढंच, की कुठल्या टेबलावरचा कुठला माणूस कुठल्या तारखेपर्यंत काय करणार.

धोरण खाली उतरायला एक साखळी लागते. आधी कायदा किंवा मंत्रिमंडळाचा निर्णय, मग नियम, मग शासन निर्णय म्हणजे आपला जीआर. जीआरनंतर अर्थसंकल्पात लेखाशीर्ष, ज्याला कचेरीत सगळे ‘हेड’ म्हणतात. हेड उघडलं नाही तर एक रुपयाही हलत नाही. हेड आहे पण त्यात तरतूद नाही, तरीही तेच. त्यानंतर ते काम कुणाच्या तरी कर्तव्यसूचीत यावं लागतं, आणि त्या माणसाकडे नोंदवही, नमुना अर्ज आणि तपासणीला येणारा वरचा अधिकारी असावा लागतो. यातली एक कडी निसटली की योजना ‘आहे पण मिळत नाही’ या वर्गात जाऊन बसते.

वेळ किती जातो ते बघा. १९९९ ला धोरण आलं. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा व कल्याणाचा कायदा संसदेत झाला २००७ ला. महाराष्ट्रात तो लागू झाला २००९ मध्ये, राज्याचे नियम आले २०१० मध्ये. धोरण जाहीर झालं तेव्हा साठीला आलेला माणूस, नियम छापून येईपर्यंत एकाहत्तरचा झाला. राज्याचं सर्वंकष ज्येष्ठ नागरिक धोरण २०१३ चं, आणि त्यात ज्येष्ठ म्हणजे ६५ नव्हे तर ६० हा बदल २०१८ मध्ये झाला.

विकसनशील देशांत हे अधिक अवघड जातं त्याचं मूळ कारण साधं आहे. इथले बहुतेक वृद्ध आयुष्यभर शेतात, बांधकामावर, घरात राबले. त्यांचं कधी वेतनपत्रक नव्हतं, पीएफचा क्रमांक नव्हता, अनेकांची जन्मनोंदही नाही. ओझरच्या विमान कारखान्यातून किंवा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेला माणूस सरकारच्या दप्तरात आधीच असतो. पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची म्हातारी दप्तरात नसते. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे सुमारे १० कोटी ४० लाख लोक होते, लोकसंख्येच्या ८.६ टक्के. त्यांतल्या बहुसंख्यांना ‘मी म्हातारा आहे’ हे आधी कागदावर सिद्ध करावं लागतं.

ज्येष्ठ म्हणजे किती वर्षांचा?

कायद्याने आणि धोरणाने ६०. पण एसटीत अर्धं तिकीट ६५ पासून आणि पूर्ण मोफत ७५ पासून. ही मोफत प्रवासाची ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ योजना ऑगस्ट २०२२ ची. श्रावणबाळ निवृत्तिवेतन ६५ ला. चष्मा, काठी, श्रवणयंत्र, कमरेचा पट्टा अशा वस्तूंसाठी एकदाच ३,००० रुपये देणारी मुख्यमंत्री वयोश्री योजनाही ६५ ला. पाच लाखांच्या उपचारांचं आयुष्मान वयवंदना कार्ड ७० ला, त्याला उत्पन्नाची अट नाही. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला वाढीव हिस्सा ८० ला. रेल्वेची सवलत मार्च २०२० पासून बंदच आहे. (बायकांना एसटीत मार्च २०२३ पासून तसंही अर्धं तिकीट असल्यामुळे ६५ ते ७५ मधल्या आजींना ज्येष्ठ म्हणून वेगळं काही मिळत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.)

म्हणजे सगळा खेळ जन्मतारखेवर. आणि जन्मतारीख हीच पहिली अडचण. आधार काढताना ज्यांना फक्त अंदाजे वय सांगता आलं त्यांची तारीख १ जानेवारी पडली. शाळेत गेलेल्यांची बहुधा १ जून, कारण गुरुजींनी नाव घालताना तीच लिहिली. अंदाज दोन-चार वर्षांनी चुकला तर ६८ चा माणूस कागदावर ६४ चा राहतो. आधारवरची जन्मतारीख सर्वसाधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून घाईनं कुठलाही पुरावा जोडू नये. आधी घरातले सगळे कागद एका ठिकाणी काढावेत: शाळा सोडल्याचा दाखला, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, मुलांच्या दाखल्यांवरची वयं. थोरला मुलगा ५४ चा आणि आई ६२ ची असं दिसत असेल तर चूक कुठे आहे ते उघड आहे. श्रावणबाळसाठी जन्मनोंद किंवा शाळेचा दाखला नसल्यास रेशनकार्ड वा मतदार यादीतलं वय, नाहीतर सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याचा वयाचा दाखला चालतो. मात्र अर्ज ऑनलाइन भरताना आधारवरचं वय आडवं येतं. तेव्हा दोन्ही कागदांवरचं वय आधी जुळवून घेतलेलं बरं.

एसटी का चालते आणि श्रावणबाळ का अडतो

एसटीच्या सवलतीत अर्ज नाही, समिती नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, वार्षिक नूतनीकरण नाही. अट एकच, वय, आणि ती सेवा घेतानाच तपासली जाते. शून्य रुपयांचं तिकीट फाडण्यालाही अर्थ आहे. त्या तिकिटांच्या हिशेबावर महामंडळ राज्य सरकारकडे भरपाई मागतं, म्हणजे प्रवासी जितके जास्त तितकी मागणी जास्त. कंडक्टरला नाही म्हणण्यात काही फायदा नसतो. भरपाई वेळेवर मिळते का, हे महामंडळाचं दुखणं. पण ते आजींच्या दारात येत नाही.

आता श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. रक्कम जुलै २०२३ पासून महिना १,५०० रुपये. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर त्यात केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनाचा हिस्सा असतो: ८० वर्षांखालच्यांना २००, त्यापुढे ५००. तो २०० चा आकडा २००७ सालीही तेवढाच होता. उरलेली रक्कम राज्य घालतं. यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं.

हा २१,००० चा आकडा जरा जवळून बघा. महिन्याला १,७५० रुपये होतात, दिवसाला ५८ च्या आत. सातपूर-अंबडच्या एखाद्या कारखान्यातून सुटलेल्या कामगाराला ईपीएस-९५ ची (पीएफशी जोडलेल्या पेन्शन योजनेची) महिना २,००० रुपये पेन्शन असेल, तर तो वर्षाला २४,००० मिळवतो आणि अपात्र ठरतो. १,५०० ची मदत मिळायला माणूस जवळजवळ बेउत्पन्न असावा लागतो. आता शेजारची योजना बघा. लाडकी बहीण योजनेत वयाची ६५ वर्षं होईपर्यंत बाईला तेच १,५०० मिळतात, तिथे कुटुंबाची मर्यादा आहे अडीच लाख, आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. पासष्टी उलटली की तीच बाई अडीच लाखांच्या चौकटीतून २१,००० च्या चौकटीत येते. वय वाढलं, हातपाय थकले आणि दार बारा पटींनी अरुंद झालं! दोन्ही योजना एकाच सरकारच्या. दोघींचे जीआर समोरासमोर ठेवून कुणी वाचले नाहीत एवढाच याचा अर्थ. धोरणं बहुतेक वेळा अशी दोन विभागांच्या शिवणीवर उसवतात.

तहसीलच्या पातळीवर अर्ज जातो तो संजय गांधी शाखेत. लोक ‘संजय गांधीचं टेबल’ म्हणतात. सोबत लागतं ते असं: वयाचा पुरावा, किमान १५ वर्षं महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीतला उतारा, रेशनकार्ड, आधार, आणि आधारशी जोडलेल्या बँक खात्याचं पासबुक. उत्पन्नाचा दाखला सेतूतून निघतो, पण त्यामागे तलाठ्याचा (आता हुद्द्याचं नाव ग्राम महसूल अधिकारी) अहवाल लागतो. इथे अडतं ते सातबाऱ्यावर. निफाड, दिंडोरी, चांदवडकडे जमीन मुलांनी तोंडी वाटून घेतलेली असते, म्हातारा वेगळ्या खोलीत राहत असतो, पण सातबाऱ्यावर नाव त्याचंच. कागदावर तो द्राक्षबागायतदार असतो आणि चुलीवर भात कुणाचा शिजतो हे अहवालाच्या रकान्यात बसत नाही. अशा वेळी वेगळं राहत असल्याचा पंचनामा आणि वेगळं रेशनकार्ड जोडलं तर अर्जाला बळ येतं. रेशनकार्ड आधी विभक्त करून घ्यावं, मग दाखला काढावा. उलट क्रमानं केलं तर दाखल्यात सगळ्या घराचं उत्पन्न लागतं.

अर्ज पात्र ठरवते तालुक्याची समिती. तिचा अध्यक्ष अशासकीय असतो. सरकार बदललं की जुन्या समित्या जातात, नव्या नेमायला वेळ लागतो, निवडणुकीची आचारसंहिता लागली की बैठक पुढे ढकलली जाते. अर्जात त्रुटी असेल तर ती अर्जदाराला कळायला हवी. पुष्कळदा कळत नाही आणि फाईल पुढच्या बैठकीची वाट बघत बसते. गरीब कोण हे समितीनं ठरवायचं म्हटलं की दोन चुका अटळ असतात: धडधाकट घरातलं नाव आत येतं आणि खरी निराधार बाई बाहेर राहते. सरकारं पहिल्या चुकीला फार घाबरतात, कारण ती वर्तमानपत्रात येते. दुसरी कुणाला दिसत नाही.

काही देशांनी हा समितीचा टप्पाच काढून टाकला. नेपाळनं १९९५ मध्ये ७५ वर्षांवरच्या सगळ्यांना महिना १०० रुपये असा वृद्धभत्ता सुरू केला. रक्कम चिमूटभर, पण अट वयाची. आज वय ६८ आणि भत्ता ४,००० नेपाळी रुपये आहे. थायलंडमध्ये १९९३ पासून निराधार वृद्ध निवडून २०० बाट द्यायची पद्धत होती; २००९ मध्ये ती सर्वांसाठी केली आणि २०११ पासून वयानुसार ६०० ते १,००० बाट असे टप्पे ठेवले. तिथे दहा लाखांहून अधिक ग्राम आरोग्य स्वयंसेवक घरोघरी फिरतात, त्यामुळे कोण अंथरुणाला खिळलं आहे हे गावात माहीत असतं. केनियानं २०१८ पासून ७० वर्षांवरच्यांना महिना २,००० शिलिंग द्यायला सुरुवात केली. यातला कुठलाच देश श्रीमंत म्हणून हे करू शकला असं नाही. वय जरा वरचं धरायचं, रक्कम लहान ठेवायची आणि चाळणी लावायची नाही, एवढा हिशेब. अडचणी तिथेही येतात, महागाई वाढते आणि भत्ता तसाच राहतो. पण ‘मला मिळेल का?’ हा प्रश्न निदान उरत नाही.

ठसा उठत नाही

पैसे मंजूर झाले तरी हातात येईपर्यंत एक टप्पा राहतो. आता रक्कम थेट बँक खात्यात येते, आणि सुरगाणा-पेठ-त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर बँक म्हणजे बँकमित्राचं छोटं यंत्र. त्यावर अंगठा ठेवायचा. आयुष्यभर नांगर, कोयता धरणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. थंडीत कातडी कोरडी पडते आणि ठसा उठतच नाही. तीनदा प्रयत्न करून म्हातारी परत जाते, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

यावर करण्यासारखं बरंच आहे. हात कोमट पाण्यानं धुऊन, पुसून, किंचित ओलसर असताना ठसा घ्यावा. अंगठ्याचा आग्रह धरू नये, दहाही बोटं तपासून जे बोट उठतं ते लक्षात ठेवावं आणि पासबुकाच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवावं. आधार केंद्रात जाऊन ठसे नव्यानं नोंदवून घ्यावेत. बुबुळ किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय असेल तर ती मागावी. पोस्ट पेमेंट्स बँकेचा पोस्टमन घरी येऊन पैसे देऊ शकतो, पण ही सोय मागितली तरच मिळते. आणि एक सावधगिरी: ‘ठसा उठला नाही’ असं सांगून पैसे मात्र काढले गेले, असंही घडतं. म्हणून प्रत्येक प्रयत्नाची पावती मागावी आणि महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्यावं.

हयातीचा दाखला दर वर्षी द्यावा लागतो. तो राहिला की हप्ता बंद होतो, आणि बंद का झाला हे कुणी कळवत नाही. पोरं द्राक्षाच्या छाटणीला गिरणारे-दिंडोरीकडे गेलेली असतात, घरी वाचणारं कुणी नसतं. ग्रामपंचायतीनं आपल्या गावातल्या लाभार्थ्यांची यादी तहसीलमधून मागून घेतली आणि एकाच दिवशी सगळ्यांचे दाखले गावातच करून दिले, तर खर्च म्हणाल तर एका दिवसाचा मांडव आणि चहा. हे कुठल्या धोरणात लिहिलेलं नाही, पण यानं जितके हप्ते वाचतात तितके कुठल्याही जनजागृती मेळाव्यानं वाचत नाहीत.

प्रांताकडे जायचं तर

२००७ चा कायदा हे आपल्याकडचं सर्वांत धारदार हत्यार, आणि ते कमी वापरलं जातं. त्याची रचना चांगली आहे. मुलांकडून चरितार्थाचा खर्च मागण्यासाठीच्या न्यायाधिकरणाचा प्रमुख प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाचा असतो, म्हणजे मालेगावच्या माणसाला नाशिकपर्यंत येण्याची गरज नाही. मालेगाव, निफाड, कळवण, दिंडोरी, येवला इथे प्रांत कार्यालयं आहेत. अर्ज स्वतः राहतो तिथे, पूर्वी राहत होता तिथे किंवा मुलं राहतात तिथे करता येतो. स्वतः जाता येत नसेल तर दुसऱ्या कुणाला किंवा संस्थेला अधिकार देता येतो. कलम १७ प्रमाणे वकील नाही. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल, फार तर आणखी ३० दिवस. दरम्यान अंतरिम रक्कमही मागता येते, आणि अर्ज करणारे बहुतेक ती मागायचंच विसरतात.

अर्जात काय लिहायचं? भावना कमी आणि आकडे जास्त. महिन्याचं औषध किती, किराणा किती, भाडं किती, मुलाचा पगार किंवा दुकान काय. कमाल रक्कम महिना १०,००० आहे. ही मर्यादा काढण्याचं आणि सून-जावयांनाही जबाबदार धरण्याचं विधेयक २०१९ मध्ये मांडलं होतं. ते मंजूर न होताच लोकसभेबरोबर संपलं. त्यामुळे आज अर्ज करायचा तो मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडं यांच्याविरुद्ध. अपत्य नसेल तर ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्या नातेवाइकाविरुद्ध. फक्त एकाच मुलाला पक्षकार केलं की तो इतर भावंडांकडे बोट दाखवतो, म्हणून सगळ्यांची नावं घालावीत.

गोष्ट बिघडते ती निकालानंतर. मुलगा दोन महिने पैसे देतो, मग थांबतो. म्हातारा वाट बघतो, ‘देईल दिवाळीला’ म्हणतो. कलम ५(८) नुसार वॉरंट काढता येतं, एक महिन्यापर्यंत कैदही होऊ शकते; पण थकबाकी झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. दिवाळीची वाट बघण्यात ही मुदत उलटून जाते. अपिलाची मुदत ६० दिवस, जिल्हाधिकारी दर्जाच्या अपील न्यायाधिकरणाकडे.

आता बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुलानातवाला बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये (स्थानिक अधिभार वेगळा). स्वस्त आहे, त्यामुळे मृत्युपत्राऐवजी बक्षीसपत्राकडे ओढा असतो. मृत्युपत्र जिवंतपणी कधीही बदलता येतं, बक्षीसपत्र केलं की घर त्या क्षणी गेलं. कलम २३ म्हणतं: सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. मेख ‘अटीवर’ या शब्दात आहे. दस्तात सगळीकडे ‘नैसर्गिक प्रेमापोटी’ एवढंच छापलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं की अट होती हे सिद्ध व्हायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं दस्तासोबतचं सांभाळण्याचं वचनपत्र ग्राह्य धरून आईला मालमत्ता परत दिली आणि कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचावा म्हटलं. दोन्ही निकालांतून घ्यायचं ते एकच: अट लिहा. नोंदणीआधी मसुद्यात एवढं वाक्य घालून घ्यावं:

‘लिहून देणार यांच्या अन्न, वस्त्र, निवास, औषधोपचार व इतर मूलभूत गरजा लिहून घेणार हे तहहयात भागवतील या अटीवर हे बक्षीस दिले असून, सदर अटीचा भंग झाल्यास हे बक्षीसपत्र रद्द होण्यास पात्र राहील.’

दुय्यम निबंधकाच्या दाराशी बसलेल्या लेखनिकाला हे वाक्य ठाऊक नसेल, तर चिठ्ठीवर लिहून न्यावं. वाटणीपत्र आणि हक्कसोडीलाही हीच काळजी. आणि घरातून सुनेला बाहेर काढण्यासाठी हा कायदा वापरायचा बेत असेल तर तो बरा नव्हे: डिसेंबर २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं बजावलं आहे की सुनेचा सामायिक घरात राहण्याचा हक्क या कायद्याच्या आडून संपवता येत नाही.

‘करू शकेल’

त्याच कायद्याचं कलम १९ प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, निदान १५० निराधारांचा वृद्धाश्रम सांगतं. पण वाक्य आहे ‘राज्य शासन स्थापन करू शकेल’ असं. ‘करील’ नव्हे. क्रियापदाच्या या एका रूपावर अख्खा वृद्धाश्रम अडतो: करू शकेल म्हटल्यावर न केल्याचा जाब विचारता येत नाही, आणि जाब नाही तर हेडमध्ये तरतूद नाही. कुठलंही धोरण वाचताना क्रियापदांवर पेन्सिल फिरवावी. ‘प्राधान्य देईल’, ‘प्रोत्साहन देईल’, ‘विचार करील’ ही वाक्यं सोडून द्यावीत. उरतील तेवढंच धोरण.

दवाखान्यांचं तसंच. ज्येष्ठांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वेगळा कक्ष आणि ओपीडी, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा ज्येष्ठांची तपासणी असं त्यात आहे. खाटा कागदावर राखीव राहतात आणि डेंग्यूच्या दिवसांत सर्वांसाठी उघडतात. त्यात नर्सचा दोष नाही, खाटांसोबत माणसं दिली नाहीत हा दोष. दुसरं, रक्तदाब-साखरेची औषधं थोड्या दिवसांचीच मिळाली तर पेशंटला परत यावं लागतं. आजींना एसटी फुकट असली तरी सोबत येणाऱ्या मुलाची मजुरी बुडते, आणि खरा खर्च तोच. औषध दोन महिन्यांचं दिलं तर निम्म्या फेऱ्या वाचतील. वयवंदना कार्डही दाखल झाल्यावरच कामाला येतं. रोजच्या गोळ्यांचा खर्च, जो बहुतेक वृद्धांना छळतो, तो त्यात बसत नाही.

उतारांचं एक सांगून टाकू, कारण कुंभाच्या निमित्तानं नाशिकमध्ये बांधकामं चाललीच आहेत. चाकाच्या खुर्चीसाठी उताराचं प्रमाण १:१२ हवं. म्हणजे अर्धा फूट पायरीला सहा फूट लांबीचा उतार. दोन फुटांचा उतार ओतून निळी पाटी लावली तर तो घसरगुंडीच्या कामाचा.

कुठून धरायचं

ज्येष्ठ नागरिक संघ नाशिकमध्ये वाड्या-कॉलनीत आहेत, फेस्कॉम या त्यांच्या राज्य महासंघाशी जोडलेलेही आहेत. विरंगुळा केंद्रात सहली, वाढदिवस होतात. त्याच टेबलावर महिन्यातून एक दिवस कागद बघायला ठेवला तर पुष्कळ निघेल. सभासदांची यादी वयानुसार लावायची: या वर्षी ६५, ७०, ७५, ८० कोण पूर्ण करतंय. त्या प्रत्येकाला त्या वयाचा अर्ज. मदतीला १४५६७ हा ज्येष्ठांचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, सकाळी ८ ते रात्री ८.

तहसीलमध्ये तोंडी विचारून उत्तर मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, आणि त्यात मोजके प्रश्न: गेल्या बारा महिन्यांत श्रावणबाळचे किती अर्ज आले, किती मंजूर, किती नामंजूर आणि कारणं काय, समितीच्या बैठका कुठल्या तारखांना झाल्या, हयातीच्या दाखल्याअभावी किती जणांचं वेतन थांबलं. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. ‘योजनेची सर्व माहिती द्यावी’ असं मोघम लिहिलं तर जीआरची झेरॉक्स येते.

आणि कुठलाही अर्ज टेबलावर ठेवला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नये. खिडकीतून ‘ठेवा, बघतो’ असं आलं तरी. पुढच्या प्रत्येक फेरीला, अपिलाला, माहितीच्या अर्जाला तोच क्रमांक लागतो; तो नसेल तर कचेरीच्या लेखी अर्ज आलेलाच नसतो.